यहुदी बडीचा शनिवार

नल्लकुंटा, हैदराबाद
रविवार, १२ जानेवारी २०२५

चि. दानी यास,
सिपूताईचा शालोम आणि अ. उ. आ.

फोन ठेवून ही बाई पत्र का लिहीत बसली, असं तू तुझ्या रूथला विचारशील म्हणून आधीच सांगते. फोनवर मी आवाज चढवला की ठाण्याची रेंज जाते. पत्राला तसलं काही होत नाही. आणि तू कितीही चिडलास तरी अर्ध्यात टाकणार नाहीस, बाबांनी ती सवय दोघांनाही लावली आहे.

आपल्या शाळेला मागणी आली आहे. शहरभर शाळा चालवणारी एक कंपनी आहे, तिचा मॅनेजर मंगळवारी माधापूरहून आला होता. चांगला शिकलेला, गोड बोलणारा. अंगणातलं कडुलिंबाचं झाड त्याला आवडलं, बाबांचा फोटो आवडला, भिंतीला नवा रंग हवा हेही त्याने प्रेमाने सांगितलं. इमारत ते दुरुस्त करणार, शिक्षकांचे पगार वाढवणार, प्रयोगशाळा नवी करणार. नाव हवं तर तेच ठेवू म्हणाला. मग चहा संपता संपता म्हणाला की एक बारीकसा बदल करावा लागेल. सहावीपासून इंजिनिअरिंग-मेडिकलच्या तयारीचे फाउंडेशन वर्ग सुरू होतील आणि त्यांची परीक्षा दर शनिवारी असेल. निकाल लगेच फाटकावर फ्लेक्सवर लागेल, पहिल्या दहांचे फोटो छापून.

मी त्याला विचारलं की पहिले दहा सोडून बाकीच्यांनी त्या फाटकातून आत कसं यायचं. त्याला प्रश्न समजला नाही. मग मी त्याला बसवून सगळं पुराण ऐकवलं. बाबा रेल्वेत होते, तेव्हा इथे आपल्या बेने इस्राएल लोकांची बरीच घरं होती. मराठी बोलणाऱ्या यहुदी पोरांना प्रार्थना यावी, हिब्रू अक्षरं कळावीत आणि मराठीही विसरू नये, म्हणून बाबांनी दोन खोल्यांत शाळा काढली. पुढे शेजारची मुलं आली. नमाजला जाणाऱ्या मुलांना शुक्रवारी दुपारी सोडायचं, शनिवार आपला विश्रांतीचा शब्बाथ म्हणून फळा पुसून ठेवायचा आणि रविवारी शाळा भरवायची, हे तेव्हापासून चालत आलं आहे. लोक थट्टेने म्हणतात तसं, शनिवारी रविवार पाळणारी शाळा. पाटीवरचं नाव कुणाला माहीत नाही, रिक्षावाल्याला यहुदी बडी, म्हणजे तेलुगूत यहुद्यांची शाळा, असंच सांगावं लागतं.

शनिवारी वर्ग नसतात तरी फाटक उघडं असतं, हेही त्याला सांगितलं. ज्यांना यायचं ती मुलं येतात, त्यांचे आईबाप येतात, गोष्टी होतात, वाद होतात, सगळे मिळून जेवतात. दप्तर आणायचं नाही, आवारात पेन उघडायचं नाही, मोबाइल काढायचा नाही. एवढाच नियम. त्यावर तो म्हणाला की मॅडम, ही कल्पना फार सुंदर आहे, महिन्यातून एकदा ठेवूया.

मी त्याला फाटकापर्यंत पोचवायला गेले नाही. हे पहिल्यांदाच झालं.

तू दुसरा विश्वस्त आहेस, म्हणून कळवलं. दोघांच्या सह्यांशिवाय शाळेची वीटही हलत नाही, तेव्हा निश्चिंत आहे. रूथला सांग, लोणच्याची बरणी पोचली, फुटली नाही.

लोभ असू दे, पण या बाबतीत सल्ला नको.
तुझी,
सिपूताई


ठाणे
रविवार, १९ जानेवारी २०२५

ती. सिपूताईस,
दानीचा शालोम वि. वि.

तुझं पत्र पोचलं. सल्ला नको म्हणतेस, पण बँकेत जन्म काढलेल्या माणसाकडून सल्ला थांबवणं तुला लहानपणीही जमलं नव्हतं. आता खाली बस आणि वाच. रागाने उभी राहून वाचलंस तर गुडघा धरेल.

कंपनीचा माणूस तुझ्याकडे येण्याच्या आधी मला भेटला होता. डिसेंबरात. मी संमतीच्या कागदावर सही केली आहे.

हे तुला आधी सांगायला हवं होतं, पण ते सांगायची माझी छाती झाली नाही. आता कारण ऐक. मागच्या वर्षी तुला डेंग्यू झाला तेव्हा तू फीवर हॉस्पिटलमध्ये, आणि मला ते कळलं चार दिवसांनी, तेही तुझ्या शाळेतल्या कुणा त्रिवेणीच्या फोनवरून. तू एकाहत्तरची झालीस. सकाळी फाटक तू उघडतेस, गणिताची शिक्षिका आली नाही तर गणित तू शिकवतेस, नळ गळला तर नळवाल्याशी तू भांडतेस. तुझ्यानंतर हे कोण करणार? माझा आशिष कॅनडात, तुला मूलबाळ नाही. शाळा बंद पडून तिथे कुणी पार्किंग करावं, त्यापेक्षा तिथे पोरं शिकत राहिली तर बाबांना बरंच वाटेल.

दुसरं कारण सांगायला जड जातं. मागच्या मे महिन्यात पेझारकरांचं घर इस्राएलला गेलं आणि त्यांची दोन पोरं शाळेतून गेली. आता पटावर यहुदी मूल एकही नाही. हैदराबादेत दहा पुरुष जमवून प्रार्थना करावी म्हटलं तर दहांतले नऊ मुंबईहून न्यावे लागतील. इथे ठाण्यात सिनेगॉग आहे, माणसं आहेत, शनिवार इथे शनिवार असतो. तिथे तो कुणासाठी आहे? इतर धर्माच्या लोकांनी आपला शनिवार पाळावा असं आपल्याकडे कुणी कधी सांगितलेलं नाही. मग यहुदी मुलाशिवायची शाळा यहुदी कशी, एवढं मला समजावून सांग. मला खरोखर समजून घ्यायचं आहे.

इथे ये. पुढच्या खोलीत ऊन येतं. रूथ म्हणते की तुझ्याशी भांडायला कुणीतरी हवं, मी फार लवकर हार मानतो.

रागावशील हे माहीत आहे. रागातही थोडी माया शिल्लक ठेव.
तुझा,
दानी


नल्लकुंटा, हैदराबाद
रविवार, २६ जानेवारी २०२५

चि. दानी यास,
शालोम. आशीर्वाद या वेळी नाइलाजाने.

सही केलीस. चोरून केलीस. मी खाली बसून वाचलं, तू सांगितलं होतंस म्हणून, आणि मग उठले ती अजून बसलेली नाही. झेंडावंदनाला मुलांसमोर उभी होते तेव्हाही डोक्यात तूच होतास.

तुझ्या पार्किंगचं आणि उन्हाच्या खोलीचं नंतर बघू. आधी दुसरी गोष्ट ऐक. गुरुवारी हिम्मतराव आला होता. तुला आठवत नसेल, तू बँकेच्या बदल्यांवर होतास तेव्हाचा विद्यार्थी. नांदेडकडचं शेतकरी घर, वडील इथे येऊन मोटारपंपांच्या दुकानात राबले. आज आबिड्सला त्याचं स्वतःचं दुकान आहे आणि पालक समितीचा तो अध्यक्ष आहे. त्याची बायको त्रिवेणी, जिने तुला फोन केला होता ती, तीही आपल्याच शाळेची. त्यांचा ओमकार आठवीत आहे.

हिम्मतराव खुर्चीवर बसेना. उभ्यानेच म्हणाला की टीचरम्मा, कंपनीला हो म्हणा. त्याचं म्हणणं सरळ होतं. बाकीच्या शाळांतली पोरं शनिवारी शंभर शंभर गणितं सोडवतात आणि आपली पोरं कडुलिंबाखाली वाद घालतात की चोराला माफ करावं की नाही. ओमकार हुशार आहे, पण परीक्षा त्याच्यासाठी थांबणार नाही. चांगुलपणाची सीट कुठल्याच कॉलेजात नसते, असंही म्हणाला. आपल्या बापाने पंप उचलून पाठ मोडून घेतली ती नातवाने पुन्हा दुकानात बसावं म्हणून नाही, हे त्याने दोनदा सांगितलं.

तो खोटं बोलत नव्हता. आपल्या शाळेत रोज सकाळी सगळ्यात लहान वर्गातलं एक मूल सगळ्यांसमोर प्रश्न विचारतं आणि ज्या शिक्षकाला विचारला त्याने उभं राहून उत्तर द्यायचं. येत नसेल तर येत नाही म्हणायचं. मी उभी राहिले आणि म्हटलं की हिम्मतराव, ओमकारचं पुढे काय होईल ते मला ठाऊक नाही. पण चारचौघांत पोराचं तोंड उतरवणं याला आमच्यात रक्त सांडण्याइतकं पाप मानतात, आणि तो फ्लेक्स माझ्या फाटकावर माझ्या जिवात जीव आहे तोवर लागणार नाही. तो म्हणाला की पहिल्या दहांत ओमकार असेल. मी म्हटलं, मग अकराव्याच्या आईला तू जाऊन भेट.

तो गेला तेव्हा दोघांचेही चेहरे उतरले होते. मग मला वाटलं की तुझी सही झाली आहे, माझी होणार नाही, असं किती दिवस भावंडांनी शाळेला दोन्हीकडून ओढायचं? शाळा ज्यांच्या पोरांची आहे त्यांनाच विचारावं. म्हणून मी समितीला सांगितलं आहे की पालकांची सभा घ्या आणि मत घ्या. त्यांना कंपनी हवी असली तर मी मुकाट्याने सही करीन आणि तुझ्या उन्हाच्या खोलीत येऊन पडेन. शब्द दिला आहे.

आता तुझ्या प्रश्नाचं. यहुदी मुलाशिवायची शाळा यहुदी कशी. उत्तर मला येत नाही, आणि त्यामुळे प्रश्न जास्तच झोंबला. पण उत्तर येत नाही म्हणून वर्ग सोडून पळायची माझी रीत नाही, हे लक्षात ठेव.

रूथला माझे आशीर्वाद, बिनशर्त.
तुझी थोरली बहीण, जी तुझ्याहून आधी या शाळेत गेली,
सिपोरा


विद्यानगर, हैदराबाद
सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

ती. टीचरम्मांस,
हिम्मतराव व त्रिवेणी यांचा सा. न. वि. वि.

पत्र त्रिवेणीच्या अक्षरात आहे, बोलणं माझं आहे. माझं मराठी लिहिणं दुकानात राहून हिंदी-तेलुगूत गेलं, तुम्ही बघितलं तर लाल शाई संपेल.

त्या दिवशी तुमच्याशी जोरात बोललो त्याची मला परेशानी आहे. बोललो ते खरं बोललो, पण आवाज चढायला नको होता. तुम्ही सभा घ्या म्हणालात, त्याप्रमाणे १५ तारखेला, शनिवारी, दुपारी चार वाजता सभा ठेवली आहे. शनिवारच का, तर बाकीच्या दिवशी कुणाला दुकान आहे, कुणाला ऑफिस आहे, आणि रविवारी आपली शाळा भरते. कंपनीवाले हॉटेलचा हॉल घ्या म्हणत होते, जेवणही तेच देणार होते. मी नक्को म्हटलं. शनिवारी तुम्ही गाडीत बसत नाही. हॉटेलात सभा ठेवली तर तुम्हाला येता यायचं नाही आणि तुमच्या पाठीमागे तुमच्या शाळेचा निकाल लावला असं होईल. तेवढा हौला, येडा मी नाही. सभा शाळेच्या हॉलमध्येच होईल, तुम्हाला घरून चालत येता येईल. मी त्यांना ठणकावून सांगितलं.

टीचरम्मा, मी कंपनीच्या बाजूने मत देणार आहे. तुम्हाला अंधारात ठेवून काही करायचं नाही म्हणून सांगतो. त्रिवेणी कोणाच्या बाजूने आहे ते ती मला सांगत नाही, आणि हे वाक्य लिहिताना ती हसते आहे.

ओमकार चांगला आहे. तुमची काळजी घ्या, थंडीत पहाटे फाटक उघडायला येऊ नका, मी दुकानातला माणूस पाठवतो.

आमच्यावर राग असला तरी हात डोक्यावर राहू द्या.
आपला विद्यार्थी,
हिम्मतराव


ठाणे
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

ती. सिपूताईस,
दानीचा शालोम वि. वि.

हिम्मतरावांच्या पत्राची तू पाठवलेली प्रत वाचली. माणूस मला आवडला. विरोधात असून तुझ्या पायांचा विचार करतो. माझ्याबद्दल तू तेवढं म्हणशील का, हे विचारायचं धाडस करत नाही.

पण ताई, शनिवारी सभा कशी होऊ देतेस? तू शाळेची प्रमुख म्हणून तिथे बसणार, आणि मत कागदावर द्यायचं असलं तर तू पेनाला हात लावणार नाहीस. शनिवारी विजेला हात लावायचा नाही म्हणून बोलायला माईकही घेणार नाहीस. कंपनीवाला पडद्यावर रंगीत चित्रं दाखवणार, चकचकीत बोलणार, आणि तू तुझ्या बसक्या आवाजात मागच्या रांगेपर्यंतही पोचणार नाहीस. हे म्हणजे हात बांधून कुस्तीला उतरणं झालं. एक फोन कर, रविवारी संध्याकाळी ठेवा म्हण. कुणीही नाही म्हणणार नाही. हवं तर मी फोन करतो.

तुला वाटेल, कागदावर सही करणाऱ्याला आता कळवळा कुठून आला. मला कंपनी यावी असं वाटतं, अजूनही वाटतं. पण तू अशी हरावीस असं वाटत नाही. रूथ म्हणते, या वाक्यात काही अर्थ नाही. मला तर आहे.

तू इकडे यायची तयारी म्हणून तिने खिडकीला पडदे शिवले. मी तिला थांबवलं नाही, थांबवून उपयोग नसतो.

उत्तर लवकर दे, आणि राग कमी झाला असेल तर तोही कळव.
तुझा,
दानी


नल्लकुंटा, हैदराबाद
गुरुवार, १३ फेब्रुवारी २०२५

चि. दानी यास,
शालोम आणि अ. उ. आ. (राग थोडा कमी आहे, फार नाही.)

आज आपला एलियाहू हन्नबीचा सण. सकाळी मलिदा केला. पोहे भिजवले, नारळ खोवला, साखर घातली, वर फळं. प्रार्थना मी एकटीनेच म्हटली आणि परात शाळेत नेली. पोरांनी दहा मिनिटांत फस्त केली. ओमकारने दोनदा घेतला आणि मला विचारलं की शनिवारी काय होणार. मी म्हटलं, तुझे आईबाप ठरवतील. तो म्हणाला की त्याला कुणी विचारलंच नाही. खरं आहे ते, पोरांना कुणीच विचारलं नाही, मीसुद्धा नाही.

सभेचा दिवस बदलायला मी सांगणार नाही. तू फोन केलास तर ठाण्याला येऊन तुझा फोन फोडीन. मी शनिवार लोकांकडे मागायचा कशाला? तो माझ्याकडे आहेच. शनिवारी लिहायला बंदी आहे, बोलायला नाही. बाबा म्हणायचे की सहा दिवस माणूस हाताने जगतो, सातव्या दिवशी तोंडाने आणि कानाने. मी तोंडाने बोलेन. आवाज बसका आहे तर लोक पुढे सरकून बसतील. आणि एका चिठ्ठीने हरणार असेन तर हरेन, पण आयुष्यभर जे केलं नाही ते त्या एका चिठ्ठीसाठी करणार नाही. माझं मत मोजलं जाणार नाही. नाही मोजलं तर नाही.

भीती वाटते का, असं तू विचारलं नाहीस, पण सांगते. वाटते. काल झाडाखाली उभी राहून वाटलं की जूनमध्ये इथे शनिवारी घंटा वाजेल आणि पोरं मान खाली घालून लिहीत बसतील.

पडदे कुठल्या रंगाचे आहेत?

तुझी,
सिपूताई


नल्लकुंटा, हैदराबाद
सोमवार, १७ फेब्रुवारी २०२५

चि. दानी यास,
शालोम आणि अनेक, अनेक उत्तम आशीर्वाद.

तू परवापासून फोन करतो आहेस आणि मी उचलत नाही, कारण हे फोनवर सांगण्यासारखं नाही. रूथलाही शेजारी बसव आणि वाच.

शनिवारी चालत गेले. हॉल भरला होता, उभं राहायलाही जागा नव्हती. कंपनीचा मॅनेजर दोन मदतनीस घेऊन आला होता. पडदा लावला, चित्रं दाखवली, कुठल्या शाखेतली किती मुलं कुठे लागली ते सांगितलं, आणि आपला शनिवार ही सुंदर कल्पना महिन्यातून एकदा ठेवू असंही म्हणाला. चांगलं बोलला. काही आया माना डोलावत होत्या. मग मी बोलले, माईक न घेता. लोक खरंच पुढे सरकले. मी फार बोलले नाही. म्हटलं की मी तुमच्या पोरांना फार मोठं करीन असं वचन कधी दिलं नाही, आजही देत नाही. आठवड्यातला एक दिवस तुमच्या पोराला कुणी मोजणार नाही, एवढंच या शाळेकडे आहे. ते नको असेल तर सांगा, मी सही करीन. खाली बसले तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला वाटलं, गेली शाळा.

मग मदतनिसांनी मतांचे कागद वाटले आणि कागदाबरोबर प्रत्येकाला एक एक पेन. पेनावर कंपनीचं नाव होतं. होय किंवा नाही यावर खूण करायची आणि खाली सही.

दानी, कुणी लिहिना.

मला आधी कळलंच नाही काय चाललंय. लोक कागद हातात धरून बसले होते, पेन मांडीवर. कुणी इकडे बघे, कुणी तिकडे. मागे बसलेल्या तिघाचौघा नव्या पालकांनी खूण केली, मग आजूबाजूला पाहिलं आणि कागद घडी करून खिशात घातला. मॅनेजरला वाटलं पेनं चालत नाहीत. त्याने एक पेन स्वतःच्या तळहातावर ओढून दाखवलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्या हॉलमधले अर्ध्याहून जास्त आईबाप याच शाळेचे. या आवारात शनिवारी पेन उघडायचं नाही, हे त्यांच्या हातांना लहानपणापासून ठाऊक. तो नियम त्यांनी आठवून पाळला असं नाही, त्यांचा हातच वळेना.

मी उठले. मला हे असं जिंकायचं नव्हतं. मी सगळ्यांना सांगितलं की हा नियम माझा आहे, तुमच्या धर्मात तो नाही, माझ्यासाठी अडू नका, लिहा. पुढच्या रांगेत फरीदाबेगम होत्या, त्यांच्या तिन्ही मुली आपल्याकडे शिकल्या. त्या म्हणाल्या की टीचर, तुम्ही गप बसा, हमारे कू मालूम आहे काय करायचं ते. आणि पेन परत मदतनिसाच्या हातात दिलं.

हिम्मतराव स्टेजवर होता. त्याने टोपण काढलं होतं. मी त्याच्याकडे बघत होते. त्याला खूण कुठे करायची ते पक्कं ठाऊक होतं, त्याने मला लिहूनही कळवलं होतं. पण त्याने हाताकडे बघितलं, बाहेरच्या, अजून न मावळलेल्या उन्हाकडे बघितलं, आणि टोपण परत लावलं. मग मॅनेजरला नम्रपणे म्हणाला की साहेब, आज इथे नाही जमायचं, उद्या सकाळी या, एका तासात मतदान उरकू.

मॅनेजर म्हणाला की उद्या रविवार आहे, रविवारी आमची सुट्टी असते.

आधी त्रिवेणीच्या शेजारी बसलेलं कुणीतरी हसलं. मग सगळे हसले, मीसुद्धा, शपथ. फक्त हिम्मतराव हसला नाही. त्याचा चेहरा लाल झाला. त्याने त्या माणसाला विचारलं की तुमची सुट्टी ती सुट्टी, आणि आमच्या टीचरम्माची सुट्टी महिन्यातून एकदा ठेवायची सुंदर कल्पना, हा कुठला हिशेब? मॅनेजरने समजावलं की ती कंपनीची पद्धत आहे. हिम्मतराव म्हणाला की पद्धत आमच्याकडेही आहे. एवढं म्हणून त्याने सगळी पेनं गोळा करून खोक्यात भरली आणि खोकं त्यांच्या गाडीत ठेवून आला.

काल रविवारी शाळा सुटल्यावर पालकांनी आपलं आपण मतदान घेतलं, कंपनीवाल्यांशिवाय, घरच्या पेनांनी. मीही दिलं. कंपनी नको म्हणणारे दुपटीहून जास्त निघाले.

आता खोटा आनंद नको, म्हणून उरलेलंही सांगते. हिम्मतराव आज संध्याकाळी घरी आला. या वेळी खुर्चीवर बसला. म्हणाला की टीचरम्मा, शनिवारी लिहिलं नाही, पण काल मत कंपनीलाच दिलं. आणि जूनपासून ओमकारला दुसऱ्या शाळेत घालतो आहे. त्रिवेणीचं मत माझ्याकडे होतं, तरी पोराच्या बाबतीत तिने नवऱ्याचं ऐकलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलं नाही. ओमकार मला फार आवडतो. मी हिम्मतरावला चहा दिला, तो प्यायला, आणि दर शनिवारी पोराला घेऊन येणार आहे म्हणाला; शनिवारी फाटक उघडंच असतं. अजून काही घरं जातील. पगार वाढणार नाहीत, भिंतीचा रंग तोच राहील, नळ परत गळतो आहे. माझ्यानंतर कोण, तेही ठरलेलं नाही. त्रिवेणी मात्र उद्यापासून सकाळी फाटक उघडायला येते म्हणाली. नवऱ्याला विचारून नाही, सांगून.

तर शाळा आहे, शनिवार आहे, आणि मी इथेच आहे. पडदे रूथने आशिषच्या खोलीला लावावेत. तुझ्या सहीचा तो कागद कंपनीकडून परत मागव आणि फाडून टाक. फाडणंही शनिवारी चालत नाही, तेव्हा शुक्रवारी आला तर अंधार पडून शब्बाथ लागायच्या आत उरक.

आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर. पटावर यहुदी मूल नाही, मग शाळा यहुदी कशी, असं तू विचारलं होतंस. त्या दिवशी त्या भरलेल्या हॉलमध्ये यहुदी मी एकटी होते, आणि हात सगळ्यांचे थांबले. याहून जास्त मला समजावता येत नाही. तुला अजूनही कळलं नसेल तर एखाद्या शनिवारी इथे ये आणि पहिलीच्या पोरांशेजारी बस.

तुझ्यावर माया आहे, ती राग असतानाही होती. ती कमी करायची असेल तर पुन्हा चोरून सही कर.

तुझी,
सिपूताई